एक आळी, एक जागा, वर्षभर: परिसराचा आवाज ऐकायचा आणि टिपायचा कसा

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी दिसायच्या आधी ऐकू येते. तांब्यावर पडणारे हातोडीचे ठोके एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून येतात आणि प्रत्येकाची लय वेगळी असते. हे मठारकाम. घडलेल्या भांड्यावर जवळजवळ, एकसारखे ठोके देत त्याला घट्टपणा आणि चमक आणायची. पातेल्यावरचा ठोका घुमतो, तबकावरचा टणकन उडतो. थोडा वेळ उभं राहिलं की कुठल्या दारात काय घडतंय याचा अंदाज आत न डोकावताही येतो. इथे येणारे पाहुणे फोटो भरपूर नेतात, एखादा तांब्याही नेतात. आवाज मात्र सहसा कुणी नेत नाही.

तो कसा न्यायचा ते इथे सांगतो. उदाहरणं बरीचशी कसबा ते मंडई या टापूतली आहेत, पण हीच कृती नाशिकच्या पंचवटीत, सावंतवाडीच्या बाजारात किंवा ठाण्यातल्या सोसायटीच्या गच्चीवरही चालते. माझं मत आधीच सांगून टाकतो. दहा गावं फिरून दहा आवाज गोळा करण्यापेक्षा एकाच जागी दहा वेळा जाऊन टिपलेले आवाज जास्त मोलाचे. पुढचं सगळं त्या हिशोबाने आहे.

आधी वही, मग यंत्र

घरापासून चालत पाच-दहा मिनिटांवरची एक जागा ठरवा. कट्टा, पार, जिन्याची वरची पायरी, बसस्टॉप, काहीही चालेल. अट एकच: तिथे वारंवार जाता आलं पाहिजे आणि दहा मिनिटं बसलं तर कुणी हटकता कामा नये. फोन खिशात, वही हातात.

सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांत तुम्हाला फक्त नावं ऐकू येतील. रिक्षा, कुत्रा, हॉर्न, मिक्सर. ती भराभर लिहून टाका, म्हणजे डोक्यातून जातील. मग प्रत्येक आवाजाला प्रश्न विचारा. कुठून येतोय? किती लांबून? मी यायच्या आधीपासून चालू होता का? आणि सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: हा आत्ता थांबला तर मला कळेल का?

या शेवटच्या प्रश्नाने आवाजांची आपोआप वाटणी होते. आर. मरी शेफर या कॅनडाच्या संगीतकाराने १९७० च्या आसपास व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात ‘वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट’ सुरू केला. त्याने केलेली विभागणी आजही कामाला येते. पहिला प्रकार तळाशी सतत चालू असणाऱ्या आवाजांचा, मैफलीतल्या तंबोऱ्यासारखा. तो वाजतोय हे आपण विसरतो, पण बाकी सगळं त्याच्यावरच उभं असतं. कसब्यात ती दुचाक्यांची घरघर आहे, वेंगुर्ल्यात समुद्राची गाज. दुसरा प्रकार इशाऱ्यांचा: कुकरची शिट्टी, घंटागाडी, शाळेची घंटा, रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोचा पीं-पीं. तिसरा प्रकार त्या जागेच्या खुणेचा, म्हणजे जो ऐकला की डोळे मिटूनही जागा ओळखता यावी असा. तांबट आळीचे ठोके त्यातले. लालबाग-परळला गिरण्यांचे भोंगे तसे होते. पाळ्या त्यांच्यावर चालत, आणि गिरणीत न जाणाऱ्यांच्या घरातली घड्याळंही त्यांच्यावर लागत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तसे भोंगेही गेले.

वहीत या तीन रकान्यांत आवाज टाकून बघा. काही आवाज कुठेच बसणार नाहीत. कोकीळ कुठल्या रकान्यात टाकायचा यावर मी अजून ठाम नाही. नाही बसला तर सोडून द्या, रकाने हे ऐकण्याचं निमित्त आहेत.

कान तयार करायला दोन सोपे व्यायाम. पहिला: रस्त्यावरच्या डीपीजवळ, सुरक्षित अंतरावर, रात्री उभे राहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीने, म्हणजे १०० हर्ट्झने गुणगुणतो. घरी पेटी असेल तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच दाबून बघा. डीपीचा सूर तिच्याहून किंचित चढा निघेल. एकदा हा सूर कानात बसला की तो जुन्या फ्रिजमध्ये, ट्यूबलाइटच्या चोकमध्ये, सोसायटीच्या मीटरखोलीत सगळीकडे सापडतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये नको तिथे आला तर लगेच ओळखता येतो. दुसरा व्यायाम पावसाळ्यातला: वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज साधारण तितके किलोमीटर लांब पडली. आवाजाचं अंतर कानाने मोजायची सवय यातून लागते.

न बोलता चालणं

बसून ऐकणं जमायला लागलं की चालत ऐका. शेफरच्याच गटातल्या हिल्डेगार्ड वेस्टरकँप या संगीतकर्तीने हा प्रकार पुढे नेला. तीस-चाळीस मिनिटं, एका ओळीत, अजिबात न बोलता. पाच-सहा जणांपेक्षा जास्त नकोत, नाहीतर पावलांचाच मोर्चा होतो. चपला फटफटणाऱ्या नसाव्यात, बांगड्या आणि किल्ल्या घरी ठेवा.

शनिवारवाड्याच्या पुढच्या मैदानातून सुरुवात करून कसब्यात शिरा. मैदानात तुमच्या पावलांचा आवाज निघून जातो, परत येत नाही. गल्ली अरुंद झाली की तोच आवाज दोन्ही भिंतींवरून परततो आणि आपण अचानक ‘आत’ आल्यासारखं वाटतं. एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून चौकात गेलात तर आणखी एक गंमत. रस्त्यावरचे हॉर्न आणि ब्रेक, म्हणजे चढे आवाज, भिंतीआड अडतात. बसचा घुमारा मात्र कोपऱ्यावरून वळून आत येतोच, कारण खर्जाच्या लांब लहरी अडथळ्याला वळसा घालतात. वाड्यातली शांतता ही आवाज नसल्याची शांतता नसते, चढे आवाज गाळले गेल्याची असते. पुढे तांबट आळीवरून मंडईच्या दिशेने जा. मंडईत भाजीवाल्यांच्या आरोळ्या नुसत्या ऐकू नका, कोण कोणाच्या मध्ये ओरडतो ते बघा. शेजारचा श्वास घेतो तेव्हा हा ओरडतो.

चालून झाल्यावर चहाच्या टपरीवर प्रत्येकाने एकच आवाज सांगायचा, जो बाकीच्यांनी ऐकला नसेल असं वाटतं. हा भाग टाळू नका.

हातातला फोन पुरेसा आहे, पण त्याला गप्प करा

सुरुवातीला नवं काही विकत घेऊ नका. फोनची अडचण त्याच्या माइकपेक्षा त्याच्या हुशारीत असते. फोन बोलण्यासाठी बनलेला आहे. माणसाचा आवाज पुढे आणायचा आणि पंखा, पाऊस, गर्दी मागे ढकलायची हे त्याला शिकवलेलं असतं, आणि आपल्याला नेमकं तेच मागचं हवं आहे. म्हणून अँड्रॉइडवर असं रेकॉर्डिंग अ‍ॅप शोधा ज्यात नॉइज सप्रेशन (मागचा आवाज दाबणं) आणि ऑटोमॅटिक गेन (आवाज आपोआप लहान-मोठा करणं) बंद करता येतं. आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये सेटिंग्जमधून ‘लॉसलेस’ निवडा. फोन विमान मोडवर टाका. फोन हातात धरू नका, बोटांची सळसळ सगळ्या रेकॉर्डिंगभर येते. दुमडलेल्या रुमालावर ठेवा किंवा छोट्या ट्रायपॉडवर लावा. मुख्य माइक बहुतेक फोनमध्ये खालच्या कडेला असतो, ती कड आवाजाकडे हवी.

काही महिन्यांनी हौस टिकली तर हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर घ्या. झूम आणि टॅसकॅम या नावांचे बरेच आहेत. हल्ली ३२ बिट फ्लोट नावाची सोय असलेले रेकॉर्डर मिळतात. त्यांत लेव्हल, म्हणजे आवाज किती मोठा टिपायचा ते, फारशी लावावी लागत नाही, फार मोठा आलेला आवाज नंतर खाली आणता येतो. पण माइकच्याच ताकदीबाहेर आवाज गेला तर तीही सोय उपयोगाची नाही. सोबत कान पूर्ण झाकणारे हेडफोन हवेतच. रेकॉर्डर एका पायरीने कमी दर्जाचा घ्या, पण हेडफोन घ्या. माइकला काय ऐकू येतंय हे न ऐकता रेकॉर्ड करणं म्हणजे लेन्सवरची टोपी न काढता फोटो काढणं.

सेटिंग एकदाच करून ठेवा: डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. मिनिटाला साधारण १७ एमबी, तासाला जेमतेम १ जीबी जागा लागते. एमपीथ्री नको. ते जागा वाचवताना जे बारीकसारीक फेकून देतं ते परत मिळत नाही.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

जागेवर पोहोचल्या पोहोचल्या बटण दाबू नका. पाच मिनिटं ऐका, मग माइक कुठे ठेवायचा ते ठरवा. माइक दोन पावलं सरकवला तर चित्र पूर्ण बदलतं. मोकळ्या जागेत आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की तो सहा डेसिबलने उतरतो, आणि त्या प्रमाणात भोवतालचं सगळं वर येतं. तांबट आळीत हातोडीपासून हातभर अंतरावर तुम्हाला धातू मिळेल, दारात उभं राहिलात तर कारागीर आणि त्याचं दुकान, आळीच्या तोंडाशी उभं राहिलात तर अख्खी आळी. तिन्ही घ्या, पण प्रत्येकाची फाइल वेगळी ठेवा. चालत चालत जवळ जाणं फार कमी वेळा चांगलं लागतं.

लेव्हल अशी लावा की सगळ्यात मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल (तिथे शून्य ही वरची हद्द). हातोडी, फटाका, कुकर हे क्षणात उसळणारे आवाज आहेत, त्यांना वर जागा ठेवावीच लागते. लाल दिवा लागला की तो भाग फाटला. हळू आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

मग बटण दाबा, दबक्या आवाजात तारीख, वेळ, जागा बोला आणि गप्प बसा. किमान दहा मिनिटं. हे सगळ्यात अवघड आहे. मिनिटभरात हात बटणाकडे जातो, कारण ‘आवाज तर मिळाला’ असं वाटतं. पण पहिल्या मिनिटात माणसं तुमच्याकडे बघत असतात. पाचव्या मिनिटाला ती तुम्हाला विसरतात, हातोडी पुन्हा तिच्या मूळ लयीत येते, कुणीतरी आतून चहाला हाक मारतं, समोरच्या झाडावर तांबट पक्षी टुक-टुक सुरू करतो आणि खाली तांबट, वर तांबट अशी जुगलबंदी लागते. ती मागून मिळत नाही, बसून मिळते. या वेळात श्वास तोंडाने घ्या, नाकाने घेतलेला माइकला ऐकू जातो. अंगात वाऱ्याने फडफडणारं जर्किन नको.

वारा, पाऊस आणि ढोल

वारा हा खरा शत्रू. उन्हाळ्यातल्या दुपारी गच्चीवर नुसता फोम काही कामाचा नाही, लांब केसांच्या मऊ कापडाचं टोपडं लागतं. तयार मिळतं, किंवा केसाळ खेळण्याच्या कापडाचं शिवून घ्या. रेकॉर्डरवर ‘लो कट’, म्हणजे खर्ज कापायची सोय, असेल तर ८० हर्ट्झला लावा. त्याहून सोपं म्हणजे आडोसा शोधणं: भिंतीचा कोपरा, गाडीमागची जागा, स्वतःची पाठ.

पावसात छत्री उघडू नका, नाहीतर घरी आल्यावर फक्त छत्री ऐकू येईल. माइक छपराखाली आणि तोंड बाहेर, ही उत्तम जागा. उघड्यावर ठेवायचाच असेल तर वर वीतभर अंतरावर काथ्याचं पायपुसणं आडवं धरा किंवा बांधा. थेंब त्याच्या तंतूंत फुटतो, टपटप आवाज न करता झिरपतो. पाऊस कशावर पडतोय ते वहीत लिहा: कौल, पत्रा, केळीचं पान, प्लॅस्टिकची ताडपत्री, डांबर. पाऊस उघडल्यावर लगेच बंद करू नका. पागोळ्या, पन्हळी आणि मग एकेक पक्षी, यातच खरा माल असतो. घरी आल्यावर रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा.

गणपतीतल्या ढोल-ताशांसाठी पथकासमोर जायची गरज नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ऐकणं ही ऐकण्याच्या आरोग्याची धरलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटंच उरतात, आणि पथकाजवळ आवाज त्याच्याही वर जातो. कानात बोळे घाला. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडून घ्या. ताशाची कडकड इमारतींत विरते, ढोलाचा ठेका भिंतींतून येतो, आणि मधल्या घरांतलं रोजचं जगणंही त्यात सापडतं. मला तरी जवळच्या रेकॉर्डिंगपेक्षा हे जास्त पुण्याचं वाटतं.

घरातले आणि वस्तूंच्या आतले आवाज

स्वयंपाकघर हा सरावाचा सगळ्यात चांगला आखाडा आहे. फोडणीत मोहरी तडतडायला लागल्यापासून कढीलिंबाच्या फसफशीपर्यंतचे काही सेकंद टिपून बघा, लेव्हल लावायचं शिक्षण तिथेच होतं. पंखा आणि फ्रिज बंद करा, आणि फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण म्हणून गाडीची किल्ली त्याच्यात ठेवा.

पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पिएझो डिस्क, म्हणजे थरथरीचा विजेचा इशारा करणारी पातळ चकती, अगदी किरकोळ किमतीला मिळते. तिला वायर आणि जॅक डाखवला की वस्तूला चिकटवायचा माइक तयार. तो हवेतला आवाज जवळजवळ घेतच नाही, वस्तूची थरथर घेतो. गच्चीवरची पाण्याची टाकी भरताना, जिन्याचा लोखंडी कठडा, बाल्कनीची ग्रिल, लोखंडी पूल. आवाज पातळ आला तर डिस्कला योग्य असा छोटा प्रीअँप (इशारा वाढवणारी डबी) मध्ये लावावा लागेल.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फाइलीचं नाव बदला. आधी तारीख, मग जागा, मग आवाज: ‘२०२५-०७-१४_तांबटआळी-तोंड_मठारकाम-पाऊस’. वर्ष आधी लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. वहीत हवामान, वारा, माइक कुठे होता, लेव्हल किती आणि जे रेकॉर्डिंगमध्ये दिसणार नाही ते लिहा: ‘डावीकडचं दुकान बंद’, ‘रस्ता खणलेला’. एक प्रत संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर, एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.

ऑडेसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. सुरुवातीचा आणि शेवटचा खडखडाट कापा, दोन सेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या आणि थांबा. नॉइज रिडक्शनच्या बटणापासून लांब राहा, तळाचा आवाज काढला की जागाच निघून जाते. मूळ फाइलीला कधीच हात लावायचा नाही, नक्कल घेऊन काम करा. त्यातच स्पेक्ट्रोग्राम उघडून बघा: आडवा वेळ, उभी आवाजाची उंची. हातोडीचा ठोका वरपासून खालपर्यंत उभी रेघ काढतो, तांबट पक्षी खालच्या भागात एकाच उंचीवर सारख्या अंतराने ठिपके टाकतो, कोकिळाच्या चढत जाणाऱ्या कमानी दिसतात. पक्षी ओळखायला कॉर्नेलचं मर्लिन अ‍ॅप मदत करतं. त्याचं उत्तर सुगावा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको.

पुन्हा तिथेच

आता मूळ मुद्दा. त्याच जागी, माइक त्याच उंचीवर, त्याच लेव्हलवर, महिन्यातून एकदा तरी. जमिनीवर खडूची किंवा फोटोची खूण ठेवा. चैत्र-वैशाखात कोकीळ आणि दयाळ पहाटेचा ताबा घेतात. पावसाच्या तोंडावर पावशा ‘पेरते व्हा’ सुरू करतो, शहरातल्या मोठ्या झाडांवरूनही. ज्येष्ठाच्या अखेरीस पालख्यांचा मुक्काम, श्रावणात सरावाचे ढोल. थंडीत पहाटे लांबच्या रेल्वेची शिट्टी येते, कारण जमिनीलगतची थंड हवा आवाजाला वर निसटू न देता खाली वाकवते. गाडी वर्षभर तीच असते.

शेफरच्या गटाने १९७५ मध्ये युरोपातल्या पाच गावांचे आवाज टिपले. पंचवीस वर्षांनी फिनलंडच्या संशोधकांनी त्याच गावांत पुन्हा जाऊन ऐकलं. पहिल्या खेपेला जे साधं दस्तऐवजीकरण होतं, त्याला दुसऱ्या खेपेने किंमत आली. अमेरिकेत बर्नी क्रॉसने १९८८ मध्ये सिएरा नेवाडातल्या लिंकन मेडो या कुरणाचा पहाटेचा आवाज टिपला. तिथे निवडक झाडतोड झाली, आणि वर्षभराने तो परत गेला. फोटोत कुरण जवळपास तसंच दिसत होतं. रेकॉर्डिंगमध्ये मात्र पक्ष्यांचा मेळा उरला नव्हता. आपल्या गल्लीतल्या एका पिंपळावर कुऱ्हाड पडते तेव्हाही हेच होतं, फक्त आधीचं रेकॉर्डिंग कुणाकडे नसतं.

जागेच्या जुन्या माणसांना एक प्रश्न विचारा आणि परवानगी असेल तर उत्तर रेकॉर्ड करा: ‘आजोबा, इथे आधी यायचा आणि आता येत नाही असा आवाज कुठला?’ टांगे, कल्हईवाला, पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार, गिरणीचं इंजिन. हे तुमच्या वहीतल्या पहिल्या पानाइतकंच महत्त्वाचं आहे.

परवानगी आणि प्रसिद्धी

कारागिराकडे आधी जा, काय करताय ते सांगा, हेडफोन त्याच्या कानाला लावा. परवानगीचा प्रश्न बहुधा तिथेच सुटतो. रेकॉर्डिंगची प्रत त्याला पाठवा. खासगी बोलणं, रुग्णालयाच्या रांगा, लहान मुलांची नावं येणारा भाग ऑनलाइन टाकू नका. लष्करी आवार आणि विमानतळाच्या सुरक्षा भागात माइक काढूच नका. पोलिसाने विचारलं तर उत्तर छोटं आणि खरं द्या, आणि केसाळ माइक त्याला हातात घेऊन बघू द्या. पक्ष्यांना बोलावण्यासाठी त्यांचाच आवाज स्पीकरवर वाजवू नका, विणीच्या काळात त्यांची फुकट दमछाक होते. मागे लाउडस्पीकरवर सिनेमाचं गाणं असेल तर यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येईल, तो भाग कापा.

ऑनलाइन टाकायचं असेल तर आवाजांसाठीचं फ्रीसाउंड हे संकेतस्थळ आहे, किंवा आवाज जगाच्या नकाशावर टाचणारं रेडिओ अपोरी आहे. पक्ष्यांसाठी झेनो-कँटो. कुठेही टाका, पण ‘सुंदर पुणेरी सकाळ’ असं शीर्षक देऊ नका. ‘तांबट आळी, कसबा पेठ, पुणे; मंगळवार, सकाळी १०.१५, मठारकाम, तीन कारागीर, मागे मिक्सर, आळीच्या तोंडापासून’ असं द्या. वीस वर्षांनी कुणी शोधायला आलं तर याच शब्दांनी शोधेल.